धावता बांबू दारात लावण्याआधी

गेल्या पावसाळ्यात आमच्या ले-आउटमधल्या एका काकूंच्या अंगणात, गाडी उभी करायच्या जागेवर, दोन पेव्हर ब्लॉकच्या फटीतून एक टोकदार कोंब वर आला. बोटाएवढा जाड, तपकिरी सालीत गुंडाळलेला. आठवड्याभरात तो गुडघ्याएवढा झाला. काकूंनी आयुष्यात कधी बांबू लावला नव्हता. लावला होता तो भिंतीपलीकडच्या काकाजींनी, तीन वर्षांपूर्वी, गच्चीवरून दिसणारा नवा फ्लॅट झाकावा म्हणून. "दोन वर्षांत भिंत झाकून टाकते, भाऊ," असं नर्सरीवाल्याने सांगितलं होतं. त्याने खोटं काही सांगितलं नव्हतं. पण हा बांबू जमिनीखाली कसा वागतो ते त्याने सांगितलं नाही, आणि काकाजींनी विचारलं नाही.

दोन्ही घरांशी माझा घरोबा आहे. त्यामुळे दोन्हीकडे जमीन उकरून पाहायची वेळ माझ्यावर आली. जे दिसलं ते अनेकांच्या कामाचं आहे असं वाटलं, म्हणून हा लेख.

बांबूचं सध्या सगळीकडे नाव आहे. 2017 मध्ये भारतीय वन कायद्यातल्या 'वृक्ष' या व्याख्येतून बांबू वगळला गेला, तेव्हापासून खासगी जमिनीतला बांबू तोडणं आणि नेणं सोपं झालं. 2023 मध्ये आपल्याच विदर्भात, वणी-वरोरा महामार्गावर, बांबूचा दोनशे मीटर लांबीचा अपघातरोधक कठडा उभा राहिला. आणि नागपुरात बेसा, मनीषनगर, वर्धा रोडकडच्या नव्या घरांना मोबाइलवर पाहिलेलं जपानी बांबूचं बन दारात हवंसं वाटू लागलं. मलाही ते आवडतं. उभ्या, सुट्या काठ्या, मधून झिरपणारा उजेड, वाऱ्याचा तो विशिष्ट आवाज. पण त्या बनात असतो तो बांबू आपल्या ओळखीचा नाही, आणि सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

बांबू म्हणजे गवत

बांबू गवताच्या कुळातला आहे. गहू, ऊस, ज्वारी, दुर्वा यांचा हा मोठा भाऊ. हे लक्षात ठेवलं की पुढचं बरंच आपोआप कळतं.

झाडाचा बुंधा वर्षागणिक जाड होत जातो. बांबूची काठी तशी वाढत नाही. कोंब जमिनीतून बाहेर पडतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते. दोन-तीन महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो, आणि मग ती काठी मरेपर्यंत ना उंच होते ना जाड. पुढच्या वर्षी जास्त उंच, जास्त जाड बांबू दिसतात, ते नवे कोंब असतात. बांबूच्या काही जाती एका दिवसात 91 सेंटिमीटरपर्यंत वाढल्याची नोंद गिनेसच्या पुस्तकात आहे. एवढ्या वेगाने वाढायला लागणारं अन्न कोंबाकडे स्वतःचं नसतं, कारण त्याला अजून पानंच फुटलेली नसतात. ते येतं खालून, आधीच्या काठ्यांनी साठवून ठेवलेल्या शिदोरीतून.

ही शिदोरी ज्यात असते ते बांबूचं जमिनीखालचं खोड. शेतकरी त्याला कंद म्हणतात, मीही तोच शब्द वापरतो. हळदीचा किंवा आल्याचा गड्डा डोळ्यांसमोर आणा: पेरं असलेला, डोळे असलेला, त्याच डोळ्यांतून नवा फुटवा देणारा. बांबूचा कंद त्याच जातकुळीचा. वर दिसतो तो बांबूचा अर्धाच संसार.

गवती चहा आणि हरळी

कंद दोन तऱ्हांनी वाढतो, आणि बागेत बांबू लावणाऱ्याने एवढी एक गोष्ट समजून घेतली तरी पुरे.

पहिली तऱ्हा गवती चहासारखी. अंगणाच्या कोपऱ्यात गवती चहा लावला की तो तिथेच राहतो. दरवर्षी गड्डा थोडा फुगतो, कडेने नवे फुटवे येतात, पण तो उठून तुळशीवृंदावनापाशी जात नाही. या तऱ्हेच्या बांबूचा कंद आखूड आणि जाड असतो, आणि थोडंसं पुढे सरकून त्याचं टोकच वर वळून काठी बनतं. पुढचा कंद त्या काठीच्या बुडातून निघतो. म्हणून सगळ्या काठ्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. याला आपण बांबूचं बेट म्हणतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडे रांजी म्हणतात.

दुसरी तऱ्हा हरळीसारखी. शेतात हरळी शिरली की काय होतं ते शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही सांगायला नको. या तऱ्हेच्या बांबूचा कंद लांब, सडपातळ आणि आडवा धावणारा असतो. त्याचं टोक सहसा वर वळत नाही, पुढेच जात राहतं. काठ्या निघतात त्या वाटेतल्या पेरांवरच्या डोळ्यांतून. आपल्या मेट्रोची मार्गिका मनात आणा: गाडी पुढे जाते, आणि मागे दर थोड्या अंतरावर एकेक स्टेशन उभं राहतं. म्हणून इथे काठ्या सुट्या, अंतराअंतरावर उगवतात आणि बेटाऐवजी बन तयार होतं. हा धावता बांबू. जपानी बागेतल्या चित्रात जे मोकळेपण आपल्याला भुरळ घालतं, ते याच पसरण्यातून आलेलं असतं.

विदर्भाचा अनुभव इथे का फसवतो

आपल्या जंगलातला मानवेल बेटाचा बांबू आहे. काटेरी काटसही बेटाचाच. कोकणातला माणगाही. पिढ्यान्‌पिढ्या आपण जो बांबू पाहिला, ज्याच्या काठीची गुढी उभारली, ज्याच्या कोवळ्या कोंबांची म्हणजे वास्त्यांची भाजी खाल्ली, ज्याची सुपं-टोपल्या बुरडांनी विणल्या, तो जागा सोडत नाही. त्यामुळे "बांबू म्हणजे एका जागी राहणार" हे आपल्या मनात इतकं घट्ट बसलं आहे की नर्सरीत आपण तो प्रश्नच विचारत नाही.

धावते बांबू मुख्यतः चीनचे, आणि तिथून ते जपानात व जगभरच्या बागांत गेले. त्यांचं मोठं कुळ फायलोस्टॅकिस. आपल्या देशात अरुणाचल प्रदेशात झिरोच्या खोऱ्यातले आपातानी लोक या कुळातला बांबू नेटाने लावतात, राखतात आणि घर-कुंपणाला वापरतात. म्हणजे हा बांबू वाईट आहे असं अजिबात नाही. त्यांना त्याची चाल ठाऊक आहे, आणि आपल्याला नाही.

नर्सरीत ओळख पटवायची कशी

पाटीवरच्या नावावर विसंबू नका. 'गोल्डन बांबू' या नावाने दोन अगदी वेगळे बांबू विकले जातात. एक पिवळ्या काठीवर हिरव्या रेघा असलेला, आपल्याकडे जुना आणि परिचित, तो बेटाचा. दुसरा फायलोस्टॅकिस ऑरिया, तो धावणारा. काकाजींचं घोडं नेमकं इथेच अडलं. त्यांच्या मनात पहिला होता आणि घरी आला दुसरा.

म्हणून रोपाची काठी हातात घ्या आणि फांद्या फुटतात ते पेर बघा. फायलोस्टॅकिसला एका पेरावर साधारण दोनच मुख्य फांद्या असतात, एक मोठी आणि एक जरा लहान. त्या फांद्यांच्या वर, काठीवर एक उथळ पन्हळ दिसते. बोट फिरवलं की कळतं, काठी तिथे एका बाजूने दबल्यासारखी असते. बेटाच्या बांबूला बहुधा एकेका पेरावर फांद्यांचा झुबका असतो आणि काठी सगळीकडून गोल लागते. ऑरियाची आणखी एक खूण म्हणजे काही काठ्यांच्या बुडाशी पेरं अगदी जवळजवळ, वेडीवाकडी दाटलेली असतात. लहान रोपावर हे सगळं स्पष्ट दिसेलच असं नाही. अशा वेळी पिशवी बाजूने जरा फाडून पाहू द्या म्हणावं. पेन्सिलसारखा लांब, पेरापेरांचा कंद पिशवीच्या भिंतीला वळसा घालून फिरत असेल, तर तो धावणारा आहे.

काळ्या बांबूचं बी इंटरनेटवर विकतात, त्याबद्दल मला वारंवार विचारलं जातं. काळा बांबू म्हणून प्रसिद्ध असलेला फायलोस्टॅकिस नायग्रा हा धावणारा आहे, आणि या कुळातल्या काही जातींच्या दोन फुलोऱ्यांमधलं अंतर जपानमध्ये सुमारे 120 वर्षं नोंदवलेलं आहे. शतकातून एकदा फुलणाऱ्या झाडाचं बी वर्षभर, हवं तेवढं पाकिटातून येत असेल तर ते कशाचं असेल याचा आपणच विचार करावा. पैसे देऊ नका. आणि काचेच्या भांड्यात पाण्यात ठेवतात तो 'लकी बांबू' बांबूच नव्हे, ती ड्रसीना आहे. तिच्यापासून अंगणाला काही भय नाही.

नागपूरच्या उन्हात तो जगतो का?

मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा थंड हवेतलं हे गवत आपोआप आटोक्यात राहील, असं अनेकांना वाटतं. अर्धं खरं आहे. नायग्राला आपला उन्हाळा सोसत नाही. कोरड्या झळांनी पानांच्या कडा करपतात, काठी बारीक राहते, आणि जो काळा रंग हवा असतो तो यायला मुळात एक ते तीन वर्षं लागतात. पण ऑरिया चिवट आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात आणि ऑस्ट्रेलियात, उष्ण हवेत, तो बागेबाहेर पडून मोकळा पसरला आहे.

आपल्याकडे खरा प्रश्न पाण्याचा आहे. फेब्रुवारी ते जून न भिजलेली काळी माती दगडासारखी होते, आणि तेवढ्यापुरती तीच बांबूला अडवते. पण बागेला आपण रोज पाणी घालतो. लॉन, ठिबकची नळी, कूलरचं सांडपाणी, शोषखड्डा, जिथे ओल तिथे कंदाला वाट. आणि मृगाचा पाऊस पडला की सगळीच जमीन मोकळी होते. नागपूरला वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. काकूंच्या अंगणातला कोंब जुलैत निघाला, त्यात नवल नाही.

"आमचा तर दोन वर्षं हललासुद्धा नाही"

असं सांगणारे खूप भेटतात, आणि ते खरं बोलत असतात. धावता बांबू पहिली दोन वर्षं वर फारसं काही दाखवत नाही. तो खाली वाट तयार करत असतो. मालक निर्धास्त होतो, चार पाहुण्यांना रोपं देतो, आणि तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात एकदम कोंब दिसू लागतात. वेग जागेवर अवलंबून आहे. साधारण वर्षाला एक ते दीड मीटर धरून चाला, ओल आणि भुसभुशीत माती मिळाली तर याहून बराच जास्त.

आता हे आपल्या प्लॉटवर मोजून बघा. ले-आउटमधला नेहमीचा प्लॉट 30 बाय 50 फुटांचा. घर बांधून बाजूला सुटते ती पट्टी पाच फुटांची, म्हणजे दीड मीटर. एका चांगल्या पावसाळ्याचं अंतर. काकाजींच्या बांबूला भिंतीखालून जायला तीन वर्षं लागली, हीच त्याची मंद चाल म्हणायची.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने 2013 मध्ये यावर कायदा केला. कंदाला अडवायची पक्की सोय केल्याशिवाय शेजाऱ्याच्या हद्दीपासून 40 फुटांच्या आत धावता बांबू लावायचा नाही. न्यूयॉर्क राज्याने तर ऑरियाच्या विक्रीवरच बंदी घातली. 40 फुटांचा नियम आपल्या 30 फूट रुंद प्लॉटला लावला तर त्यात एकही जागा बसत नाही. तो कायदा आपल्याला लागू नाही, पण असे नियम लोकांना का करावे लागले असतील, हे त्या आकड्यांवरून कळतं.

अडवायचं कसं

अडवता येतं. त्यासाठी एक गोष्ट समजून घ्यावी लागते: हा कंद खोल जात नाही. बहुतेक कंद वरच्या एक फुटातच धावतात. जमीन फार भुसभुशीत असेल तर थोडे आणखी खाली. म्हणजे लढाई वरच्या दोन-अडीच फुटांची आहे.

एक उपाय जाड प्लास्टिकच्या पडद्याचा. ज्या जागेत बन हवं तिच्याभोवती अडीच फूट खोल चर खणायचा आणि त्यात एचडीपीईचा, म्हणजे टणक प्लास्टिकचा, पत्रा उभा लावायचा, जाडी किमान दीड मिलिमीटर. शेततळ्याला वापरतात तो कागद 500 मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर. तो मिळतो सहज, स्वस्तही पडतो, आणि कंदाचं टोक तो भोसकून पार करतं. त्यावर पैसे घालू नका. विटांची भिंतही भरवशाची नाही, सांध्यात चीर पडली की झालं. लोखंडी पत्रा आपल्या ओलीत काही वर्षांत गंजतो. एचडीपीईचा पत्रा वरच्या बाजूने किंचित बाहेर झुकलेला ठेवायचा, म्हणजे त्याला धडकलेला कंद खाली न शिरता वर वळतो. आणि दोन इंच जमिनीच्या वर काढायचा, म्हणजे तो कड ओलांडायला बघतो तेव्हा दिसतो आणि कापता येतो. दोन टोकं जिथे जुळतात तो सांधा पट्टी आणि नट-बोल्टने आवळून टाका. बहुतेकांचं इथेच चुकतं.

नागपुरात याला एक जोड द्यावी लागते, आणि परदेशी माहितीत ती तुम्हाला सापडणार नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात तिला पडणाऱ्या भेगांत हात जातो, आणि खोलीला त्या कंदाच्या थरापेक्षा खूप खाली उतरतात. पत्र्याला लागून अशी भेग पडली की पत्रा आणि माती यांच्यात पोकळी तयार होते. पहिल्या पावसात त्या पोकळीत भुसभुशीत माती वाहून येते, आणि कंदाला खाली जायची आयती वाट मिळते. म्हणून पत्र्याच्या दोन्ही अंगांना काळी माती परत भरू नका. मुरूम भरा आणि धुम्मसाने ठोकून घट्ट करा. मुरूम आकसत नाही.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण तो साधा आहे आणि डोळ्यांसमोर राहतो. बनाभोवती एक फूट रुंद, सव्वा फूट खोल चर खणायचा आणि तो जाड रेतीने भरून ठेवायचा. पडदा नाही, काही नाही. वर्षातून दोनदा त्या रेतीतून फावडं फिरवायचं. धावत आलेला कंद उसाच्या बारीक कांडीसारखा पिवळसर, पेरापेरांचा दिसतो. तो कटरने कापायचा आणि चराच्या पलीकडे गेलेला तुकडा ओढून बाहेर काढायचा. बस. पण रेतीच का? तर काळी माती मे महिन्यात सब्बलीलाही दाद देत नाही, आणि जुलैत चिखल होऊन फावड्याला चिकटते. ती खणण्याजोगी असते फक्त वाफसा असताना, म्हणजे ना दगड ना चिखल अशी ओलसर असताना, आणि नेमके ते चार दिवस आपण गावाला असतो. रेती बारा महिने उकरता येते. जे काम करायला सोपं असतं तेच माणूस दरवर्षी करतो.

एक फेरी श्रावणात आणि एक कोजागिरीनंतर दिवाळीच्या साफसफाईबरोबर. कापलेले तुकडे शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर किंवा खतखड्ड्यात टाकू नका, प्रत्येक पेरावर डोळा असतो. उन्हात गच्चीवर पसरून पूर्ण वाळवा, मगच टाका. कोवळे कोंब मिळाले तर त्यांची भाजी होते, पण वास्त्यांसारखेच ते आधी नीट उकळून पाणी फेकून द्यायचं. कच्च्या कोंबात विषारी अंश असतो.

तिसरा उपाय सिमेंटच्या हौदाचा. बूड बंद, पण पाणी जायला भोक ठेवलेलं. हौदात बांबू शोभतो. पण तीन-चार वर्षांत आतली जागा कंदांनी गच्च भरते आणि बांबू निस्तेज होतो. मग अर्धा गड्डा करवतीने कापून काढून नवी माती भरावी लागते. आणि हौद जमिनीवर टेकलेला नको, विटांवर उचललेला हवा. नाही तर पाण्याच्या भोकातूनच कंद खाली जमिनीत उतरतो.

घराचा पाया फोडेल का?

धडधाकट काँक्रीट बांबूचा कंद फोडत नाही. तो फट शोधतो. पेव्हरचे सांधे, जुन्या चेंबरची उखडलेली कड, भिंतीच्या जोत्याखाली राहिलेली पोकळी, अशा जागी शिरतो आणि मग तिथून पुढे वाट काढतो. पाइपलाइन चांगली असेल तर घाबरू नये. जुनी मातीची गडर लाइन असेल तर तिच्या जवळपास लावू नये.

काळ्या मातीतल्या घराला मोठा धोका वेगळाच असतो. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की बसते, आणि पायाच्या एकाच बाजूला रोज पाणी मुरत राहिलं तर ती असमान हलते. बांबू हिरवागार राहावा म्हणून भिंतीला चिकटून रोज नळी सोडणं हे त्या दृष्टीने वाईट. बांबू कोणताही असो, पायापासून लांब लावा.

साप, उंदीर आणि अशुभाची शंका

साप बांबूसाठी येत नाही. तो येतो उंदरासाठी आणि लपायच्या जागेसाठी. बुडाशी दाटलेलं, कधीच साफ न केलेलं बेट ही जागा देतं, मग ते कोणत्याही जातीचं असो. जमिनीपासून चार-पाच फुटांपर्यंतच्या फांद्या छाटून टाकल्या, वाळलेल्या काठ्या काढल्या आणि बुडाशी उजेड पोहोचू दिला की ती शंका बरीच कमी होते. गळलेली पानं मात्र पातळ थरात राहू द्या, ती ओल धरतात आणि कुजून बांबूलाच परत मिळतात.

बांबू फुलला की उंदीर आणि दुष्काळ येतो, हे आजीकडून ऐकलेलं असतं. त्यामागे खरा इतिहास आहे. मिझोराममध्ये मुळी जातीचा बांबू साधारण 48 वर्षांनी डोंगरचे डोंगर एकदम फुलतो, त्याच्या फळांवर उंदरांची पैदास होते, आणि तेच उंदीर मग शेतं फस्त करतात. 1959 च्या सुमारास तिथे त्यातून मोठा दुष्काळ पडला होता. तो प्रकार हजारो एकर जंगलाचा आहे, अंगणातल्या दहा काठ्यांचा नाही.

आणि तिरडी बांबूची असते म्हणून दारात नको, असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांशी मी वाद घालत नाही. एवढंच म्हणतो की लग्नाचा मांडवही बांबूचा असतो आणि पाडव्याची गुढीही.

आधीच पसरला असेल तर

वरून काठ्या तोडून तो जात नाही. पानं म्हणजे खात्यात पैसे भरणारे हात, आणि कोंब म्हणजे काढलेले पैसे. सगळ्या काठ्या एकदम कापा, म्हणजे भरणा बंद. मग जो कोंब वर येईल तो पानं फुटायच्या आत कापा. प्रत्येक कोंबागणिक खातं रिकामं होत जातं. दोन-तीन पावसाळे चिकाटीने केलं तर संपतं. एक पावसाळा दुर्लक्ष झालं तर पुन्हा भरणा सुरू. घाई असेल तर वाफसा पाहून मजूर लावून कंद ओढून काढावेत. ते वरवरच असतात, एक टोक हाताला लागलं की दोरीसारखे लांबच लांब निघतात. आधी हद्दीवर चर खणून शेजारच्या कंदाशी जोड तोडावी लागते. नाही तर तुमच्याकडच्या कोंबांना तिकडच्या पानांचं अन्न मिळत राहतं आणि तुमची सगळी मेहनत वाया जाते.

मग नागपुरात बन करायचंच नाही का?

करायचं. माझं मत सांगतो: दोन-तीन हजार चौरस फुटांच्या आतल्या प्लॉटवर धावता बांबू जमिनीत लावू नये. फार्महाउस असेल, चारी बाजूंनी चर ठेवता येत असेल आणि दर श्रावणात फावडं उचलणारं माणूस घरात असेल, तर खुशाल लावावा. बाकीच्यांनी बेटाच्या बांबूतून बन घडवावं.

ते घडतं. जपानी बनाचं सौंदर्य अर्धं जातीचं आणि अर्धं विळ्याचं आहे. तिथले माळी दरवर्षी जुन्या काठ्या काढून टाकतात, म्हणून मधून चालता येतं आणि उजेड झिरपतो. आपण बेटाला हात लावत नाही, म्हणून त्याचं जाळं होतं. तीन वर्षांपेक्षा जुन्या काठ्या दरवर्षी पावसाळा संपल्यावर बुडातून काढा, उरलेल्यांच्या खालच्या फांद्या छातीच्या उंचीपर्यंत छाटा, आणि बेटं एका रांगेत न लावता सहा-सात फुटांवर विस्कळीत लावा. चौथ्या वर्षी तिथे खुर्ची टाकून बसावंसं वाटेल.

भिंत झाकायला बारीक पानांचा, कुंपणाचा बांबू म्हणून मिळणारा बाम्बुसा मल्टिप्लेक्स चांगला. दहा-पंधरा फुटांत राहतो आणि छाटणी सोसतो. सरळ, घट्ट, उभं बेट हवं असेल तर मोनॅस्ट्री बांबू. काळ्याच काठीची हौस असेल तर जावा बेटाकडचा काळा बांबू, जायगँटोक्लोआ, तो बेटाचा आहे आणि उष्ण हवेतला आहे. त्याला पाणी आणि पश्चिमेच्या उन्हापासून आडोसा द्यावा लागतो. पिवळ्या काठीचा, हिरव्या रेघांचा बांबू देखणा, पण तो फार उंच आणि दांडगा होतो, लहान प्लॉटला पेलत नाही. काटस घराजवळ नकोच. आणि ज्याला पाण्याची काळजी न करता काहीतरी लावायचं आहे त्याने आपला मानवेल लावावा. चैत्रात तो पानं गाळून उघडाबोडका होतो, त्याला घाबरू नये. पावसाबरोबर तो परत भरतो.

काकाजी आणि काकूंनी दिवाळीनंतर भिंतीच्या दोन्ही बाजूंना चर खणला. खर्च अर्धा-अर्धा. काकाजींकडचं बन राहिलं, कारण फ्लॅट आता खरंच झाकला गेला आहे आणि काकूंनाही सकाळी त्यातल्या मुनियांचा किलबिलाट आवडतो. काकूंच्या बाजूला भिंतीखालून आलेला कंद आम्ही ओढून काढला तेव्हा तो पेव्हरच्या खाली अकरा फूट गेलेला होता. त्यावर चौतीस डोळे मी मोजले. त्यांपैकी फक्त एक उगवला होता.